वेढ्यातून बाहेर पडण्याचे भाडे कोण देणार? सुरक्षा परिषदेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे सर्व सदस्य,
तसेच सरचिटणीस आणि मानवतावादी मदतकार्याचे समन्वयक

विषय: वेढा पडलेल्या शहरांतून गरीब नागरिकांना बाहेर काढण्याची व्यवस्था

महोदय, महोदया,

१३ जून २०२४ रोजी आपल्या परिषदेने ठराव क्रमांक २७३६ संमत केला. सुदानमधील उत्तर दारफूर प्रांताची राजधानी अल-फाशिर या शहराला, सुदानी लष्कराशी लढणाऱ्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने घातलेला वेढा उठवावा, अशी मागणी त्यात होती आणि ज्या नागरिकांना शहराबाहेर सुरक्षित जागी जायचे असेल त्यांना जाऊ द्यावे, असेही त्यात म्हटले होते. १४ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, रशिया तटस्थ राहिला आणि विरोधात एकही मत पडले नाही. त्यानंतर सोळा महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २०२५ रोजी, ते शहर त्याच दलाच्या हाती पडले. हल्ल्याच्या शेवटच्या आठवड्यांत सुमारे अडीच लाख नागरिक आत अडकले असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्याच संस्था सांगत होत्या आणि त्यांत निम्मी मुले होती. ही माणसे एवढा काळ आत का राहिली, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे, कारण माझ्या मते त्याच्या उत्तरातच आपल्या ठरावांतील सर्वांत मोठी उणीव दडलेली आहे. नागरिकांना जाण्याची मोकळीक द्या, असे आपण दोन्ही बाजूंना सांगितले. पण जाण्यासाठी लागणारे पैसे, गाडी, इंधन आणि वाटेतील सोबत ज्यांच्याकडे नाही त्यांना ती कोण देणार, याचा उल्लेख आपल्या ठरावात नव्हता आणि नंतरच्या कोणत्याही निवेदनात तो आलेला माझ्या वाचनात नाही.

वेढा पडलेले शहर एका दिवसात रिकामे होत नाही, ते थरांनी रिकामे होते. ज्यांच्या दारात मोटार असते आणि परदेशात नातेवाईक असतात ते धोक्याची पहिली चाहूल लागताच निघतात. त्यांच्यामागून व्यापारी, पगारदार आणि घरातले सोने विकू शकणारे निघतात. जसजसा वेढा आवळत जातो तसतसे भाडे चढत जाते, प्रत्येक चौकीवर द्यावी लागणारी रक्कम वाढत जाते, आणि शेवटी गाढवगाडी मिळवणे हेही ऐपतीचे काम होऊन बसते. अल-फाशिरमध्ये मागे उरलेल्यांत वृद्ध, अपंग, जखमी, लहान मुलांच्या एकट्या आया आणि रोजंदारीवर जगणारे होते. त्यांच्यातील अनेक कुटुंबे तर मुळात याच शहराची नव्हती. २००३ नंतरच्या दारफूरच्या युद्धात गावे जळाल्यावर ती शहराच्या कडेच्या अबू शौक आणि झमझम या छावण्यांत येऊन राहिली होती आणि वीस वर्षे छावणीतच होती. एप्रिल २०२५मध्ये झमझमवर हल्ला झाला तेव्हा त्या एकाच हल्ल्यात चार लाखांच्या आसपास माणसे विस्थापित झाली. त्यांतली बहुतेक तवीला या गावाकडे गेली आणि ज्यांना तेवढेही चालता येत नव्हते ती अल-फाशिर शहरात, म्हणजे वेढ्याच्या आत, आली.

तवीला अल-फाशिरच्या पश्चिमेला सुमारे ६० किलोमीटरवर आहे. धडधाकट माणसाला हे अंतर दोन-तीन दिवसांत चालून जाता येते, हे खरे. परंतु सोबत पाणी न्यावे लागते, दोन मुले कडेवर घ्यावी लागतात, आजीला मागे सोडायचे की नाही हे ठरवावे लागते आणि वाटेत प्रत्येक बंदूकधाऱ्यापुढे हात जोडून उभे राहावे लागते. उपासमारीने शरीर खंगल्यावर हेच अंतर माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. ज्वारी हे सुदानमधील रोजचे अन्न. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हां मराठी माणसांना एखाद्या शहरातून ज्वारी नाहीशी होणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितले की अल-फाशिरमध्ये ज्वारी आणि गहू यांचे भाव सुदानच्या इतर भागांपेक्षा ४६० टक्क्यांनी अधिक आहेत आणि वर्षभराहून अधिक काळ रस्त्याने एकही खेप शहरात पोहोचलेली नाही. २ जून २०२५ रोजी अन्नाचा एक ताफा अल-कोमा या गावापर्यंत आला. त्यावर हल्ला होऊन पाच जण ठार झाले आणि तो तिथेच थांबला. त्या काळात अल-फाशिरची माणसे ‘अंबाझ’ खाऊन जगत होती. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड. आमच्याकडे ती गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते, त्यांच्याकडेही ती जनावरांचीच होती.

याच काळात जागतिक अन्न कार्यक्रम शहरातील सुमारे अडीच लाख लोकांना मोबाइलवरून रोख मदत पाठवत होता. ज्यांनी ही कल्पना राबवली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण रस्ते बंद झाल्यावर वेढ्याच्या आत पोहोचू शकणारी जवळजवळ तेवढीच एक गोष्ट उरली होती. पण त्या पैशाने काय होऊ शकत होते, याचा विचार आपण करावा. खात्यावर आलेले पैसे नोटांत बदलून घेताना दलालाला मोठा कट द्यावा लागे, आणि हातात उरलेल्या रकमेत एक तर काही दिवसांचे धान्य येई किंवा प्रवासाच्या भाड्याचा एखादा हिस्सा निघे. मुले उपाशी असताना कोणती आई भाड्यासाठी पैसे बाजूला ठेवील? वेढ्याच्या पहिल्या महिन्यांत, म्हणजे रस्ते अजून पुरते बंद झाले नव्हते आणि भाव एवढे चढले नव्हते तेव्हा, प्रवासखर्चाची वेगळी रक्कम या कुटुंबांच्या हातात पडली असती, तर त्यांतली कितीतरी तेव्हाच निघू शकली असती. पुढे तर ती संधीही गेली. २०२५च्या मध्यापासून शहराभोवती मातीचा उंच बांध घालण्याचे काम सुरू झाले. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून तो आठवड्यागणिक वाढताना दाखवला, आणि ऑक्टोबरपर्यंत त्याची लांबी ५० किलोमीटरच्या पुढे गेली. आपल्या परिषदेला ही चित्रे उपलब्ध होती. ज्या दिवशी त्या बांधाचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले त्या दिवसापासून शहरातील गरिबांना बाहेर काढण्याची मुदत ठरून गेली होती, आणि ती मुदत कोणीही पाळली नाही.

शहर पडल्यानंतर काय घडले हे आपल्यासमोर सविस्तर आले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. शहरातील सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मिळून ४६०हून अधिक माणसे मारली गेल्याच्या वृत्तांवर जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र धक्का व्यक्त केला. पळून निघालेल्यांना वाटेत अडवून पुरुषांना बायकामुलांपासून वेगळे काढण्यात आले, अनेकांना ओलीस धरून घरच्यांकडे खंडणी मागण्यात आली आणि ज्यांच्यासाठी रक्कम आली ते सुटले. तवीलामध्ये वाट पाहणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या दिवसांत एकच चिंता होती, की येथे पोहोचणारी माणसे एवढी कमी का आहेत. म्हणजे शेवटच्या क्षणीसुद्धा जगण्याची किंमत पैशांतच मोजली गेली आणि ती देण्याची ऐपत असलेले कोणी नात्यात असणे हाच एकमेव परवाना ठरला.

हे फक्त सुदानमध्येच घडते असे नाही. युक्रेनमधील मारियुपोल हे चार लाखांहून अधिक वस्तीचे शहर मार्च २०२२मध्ये रशियन सैन्याने वेढले. ५ आणि ६ मार्च रोजी जाहीर केलेले सुरक्षित मार्ग प्रत्यक्षात उघडलेच नाहीत. १४ मार्चला पहिला मोठा ताफा बाहेर पडू शकला, तो सुमारे १६० खासगी मोटारींचा होता. ज्यांच्याकडे मोटार नव्हती किंवा मोटारीत पेट्रोल उरले नव्हते, ते बसगाड्यांची वाट पाहत राहिले आणि शहराकडे निघालेले बसगाड्यांचे ताफे वाटेतच अडकून पडत होते. शहरातील नाट्यगृह हे ५ मार्चच्या प्रयत्नासाठी लोकांनी जमण्याचे एक ठिकाण म्हणून सांगितले गेले होते. गाड्या आल्या नाहीत, पण जमलेले लोक तिथेच आसऱ्याला राहिले, आणखी येत गेले, आणि १६ मार्चला त्याच इमारतीवर बॉम्ब पडला. वाहनाशिवाय जाहीर केलेला मार्ग गरिबांना घरातून बाहेर काढून उघड्यावर आणतो आणि तिथेच सोडून देतो, हे मारियुपोलमध्ये दिसले.

याच्या उलट, माणसांना खरोखर बाहेर काढायचे ठरवले की काय करता येते, याचे उदाहरण याच सुदानमधले आहे आणि ते माझ्या देशाचे आहे. एप्रिल २०२३मध्ये सुदानची राजधानी खार्तूममध्ये लढाई पेटली तेव्हा भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ हाती घेऊन ३,८६२ माणसांना तिथून सोडवले. खार्तूमपासून पोर्ट सुदानपर्यंतच्या आठशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासासाठी बसगाड्या लावल्या, तिथून नौदलाच्या जहाजांनी आणि हवाई दलाच्या विमानांनी लोकांना जेद्दाला नेले आणि पुढे दिल्ली-मुंबईला आणले. महाराष्ट्रातलेही कितीतरी जण त्यांत होते. २७ एप्रिलच्या रात्री खार्तूमच्या उत्तरेकडील वादी सेदना येथील खराब धावपट्टीवर, उतरण्यासाठी दिवे नसताना, हवाई दलाचे विमान उतरले आणि १२१ जणांना घेऊन निघाले. पोर्ट सुदान गाठण्याचे कोणतेही साधन ज्यांच्याकडे नव्हते, अशा लोकांसाठी ते विमान पाठवले होते, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. त्या माणसांकडे साधन नाही ही गोष्ट त्यांना मागे ठेवण्याचे कारण झाली नाही, उलट त्यांच्यासाठी वेगळे विमान पाठवण्याचे कारण झाली. मला याचा अभिमान आहे. ज्यांच्यामागे उभे राहणारे सरकार आहे त्यांना भाडे, वाहन, कागदपत्रे आणि उतरण्याची जागा या चारही गोष्टी मिळाल्या; ज्या सुदानी नागरिकांच्या मागे कोणीच नाही त्यांच्यासाठी या चार गोष्टी करण्याची जबाबदारी आपल्याखेरीज आणखी कोणाची असू शकते?

कायद्याकडे पाहिले तर १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम १७ वेढ्यातील माणसांविषयी बोलते. जखमी, आजारी, दुर्बल, वृद्ध, मुले आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी युद्धातील पक्षांनी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात आहे. प्रयत्न करावा एवढेच आहे, बंधन नाही. शिवाय तो करार मुळात दोन देशांमधील युद्धासाठी आहे. देशांतर्गत युद्धाला लागू होणाऱ्या १९७७च्या दुसऱ्या जोडकराराने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई केली आणि आपल्या परिषदेनेही २०१८च्या ठराव क्रमांक २४१७मध्ये त्याचा निषेध केला. हे सगळे मोलाचे आहे. तरीही कलम १७च्या यादीत गरीब माणूस नाही. पंचवीस वर्षांचा, अंगाने धड, पण खिशात पैसा नसलेला मजूर कोणत्याच गटात बसत नाही, आणि चौकीवर सर्वांत आधी बाजूला काढला जातो तो हाच.

माझ्या म्हणण्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो दोन वाक्यांत झटकून टाकण्यासारखा नाही. लोकांना बाहेर काढणे म्हणजे वेढा घालणाऱ्याला हवे तेच करून देणे, शहर रिकामे करून त्याच्या स्वाधीन करणे, असे म्हटले जाते. बोस्नियात हा पेच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने स्वतः भोगला. १९९३च्या वसंतात सर्ब सैन्याने वेढलेल्या स्रेब्रेनिका या गावात अन्न घेऊन गेलेल्या तिच्या ट्रकांमधून हजारो बायकामुलांना बाहेर आणले गेले. ट्रकवर चढण्यासाठी एवढी झुंबड उडाली की काही जण चेंगरून मेले. गाव रिकामे झाले की ते गेलेच, या भीतीने स्थानिक बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) अधिकाऱ्यांनी ते काम थांबवले. आपल्या परिषदेने एप्रिल १९९३मध्ये त्या गावाला सुरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले, आणि जुलै १९९५मध्ये ते पडल्यावर तिथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. वेढलेल्या सारायेव्हो शहरात तर विमानतळाच्या वापराबाबत सर्ब सैन्याशी झालेल्या समझोत्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक रात्री धावपट्टी ओलांडून पळू पाहणाऱ्या नागरिकांना पकडून पुन्हा वेढ्यात नेऊन सोडत. जमीन राखण्यासाठी गरिबांना आत ठेवायचे आणि नंतर त्यांचे रक्षणही करायचे नाही, हे मला कोणत्याही तत्त्वाने मान्य करता येत नाही. पण आक्षेपातील अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच बाहेर पडणे ऐच्छिक असले पाहिजे, दिशा जाणाऱ्याने निवडली पाहिजे आणि परतण्याचा हक्क कागदावर राहिला पाहिजे. सुदानच्या दोन्ही लढणाऱ्या पक्षांनी ११ मे २०२३ रोजी जेद्दामध्ये ज्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यात नागरिकांनी स्वेच्छेने, हव्या त्या दिशेने जाण्याचे वचन आहेच. घर-जमिनीची, रेशनची, शाळेची कागदपत्रे निघण्यापूर्वी मोबाइलवर टिपून सुरक्षित ठेवण्याची सोय केली तर परतीचा दावा उभा राहू शकतो. आणि जे जाणार नाहीत त्यांचा मदतीवरचा हक्क तसूभरही कमी होता कामा नये. मार्ग उघडला होता, आता आत राहिलेले सगळे लढणारेच, हा युक्तिवाद आपण कोणालाही करू देऊ नये.

आता मागणीकडे येतो. अल-फाशिर पडल्यानंतर युद्धाचा रोख सुदानच्याच कोर्दोफान या प्रदेशाकडे वळला. कादुगली आणि डिलिंग या तिथल्या शहरांनी दीर्घ वेढे सोसले आहेत, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये अल-फाशिरबरोबर कादुगलीतही दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. अल-ओबेदसारखे मोठे शहरही धोक्याबाहेर नाही. म्हणून पुढचा ठराव करताना बाहेर पडण्याच्या हक्काबरोबर त्याच्या खर्चाचे कलम घाला. कोणत्याही शहराचे रस्ते आवळले जाऊ लागताच, भाव चढण्यापूर्वी, सर्वांत गरीब कुटुंबांना अन्नमदतीखेरीज केवळ प्रवासासाठी रक्कम मिळावी, आणि ती घ्यायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवावे. चालू न शकणाऱ्यांसाठी इंधनासह वाहने आधीच भाड्याने घेऊन ठेवावीत. मार्गावरील मोठ्या चौक्यांवर तटस्थ निरीक्षक असावेत आणि तिथे वेगळ्या काढलेल्या प्रत्येक पुरुषाचे नाव नोंदले जावे. सीरियात होम्सच्या वेढा पडलेल्या जुन्या शहरातून फेब्रुवारी २०१४मध्ये सुमारे १,४०० माणसे बाहेर पडली तेव्हा शेकडो पुरुष चौकशीसाठी अडकवले गेले. पण संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी जागेवर होते, म्हणून त्यांतले किती सुटले आणि किती राहिले हे विचारता तरी आले. अल-फाशिरच्या रस्त्यावर असे विचारणारे कोणीच नव्हते.

ही व्यवस्था चालवायला नवी संस्था उभारण्याची गरज नाही. सुदानमध्ये आपत्कालीन प्रतिसाद कक्ष या नावाने मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुण-तरुणींनी उभारलेली जाळी आहेत. तेच सामुदायिक स्वयंपाकघरे चालवतात, जखमींना उचलतात, कोणत्या गल्लीत कोणती म्हातारी एकटी आहे हे त्यांना ठाऊक असते. २०२५चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यामुळे त्यांची शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. पुरस्कारापेक्षा त्यांना पैसा हवा आहे, तोही थेट आणि वेळेवर, आणि या कामामुळे त्यांच्यावर सूड उगवला जाणार नाही याची हमी हवी आहे. त्याचबरोबर जिथे माणसे पोहोचतात त्या गावांना आधी सावरा. तवीलामध्ये सहा लाखांहून अधिक विस्थापित गोळा झाले आहेत, आणि २०२५च्या पावसाळ्यात तिथे पटकीची (कॉलराची) साथ पसरली होती. पुढच्या मुक्कामी पाणी नाही, हे कळल्यावर माणसे वेढ्यातून निघायलाच धजत नाहीत.

शेवटी, आपल्यातील ज्या देशांचे या युद्धातील पक्षांशी व्यवहार आहेत त्यांना मी वेगळी विनंती करतो. सुदानी लष्करानेही मदतीच्या वाटा अडवल्या आहेत, त्यामुळे ही विनंती कोणा एका बाजूच्या मित्रांपुरती नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि इजिप्त यांनी तीन महिन्यांच्या मानवतावादी युद्धविरामाचे आवाहन केले आणि पुढच्या दीड महिन्यात अल-फाशिर पडले. तीन महिने मिळत नसतील तर एका शहरासाठी, एका रस्त्यासाठी दहा दिवस मागा, त्या दहा दिवसांच्या तारखा जाहीर करा, गाड्या आधी उभ्या करा आणि मगच लोकांना निघायला सांगा. सुदानवरील आपल्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रवासखर्च, वाहने आणि चौक्यांवरील नोंदणी हे तीन विषय नावानिशी असावेत आणि प्रत्येकापुढे किती निधी, कोणाकडून आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असावे, एवढी माझी मागणी आहे.

आपला,
महाराष्ट्रातील एक नागरिक